पोकरवर कमावलेलं जातं कुठे? एका नवख्या खेळाडूच्या आठ रात्रींचा हिशोब

हे प्रकरण कॅसिनोत नुकतंच पाऊल टाकलेल्या एका तरुण पोकर खेळाडूच्या पहिल्या आठ रात्रींचं आहे. खेळाडू नमुन्यादाखल उभा केला आहे आणि त्याचे हार-जितीचे आकडेही नमुन्याचे आहेत. प्रत्येक खेळाची टक्केवारी मात्र त्या खेळाच्या नियमांतूनच निघते आणि कोणालाही ताडून पाहता येईल. पैशांच्या जागी सगळीकडे युनिट धरलं आहे.

वय विशी ओलांडलेलं. दोनेक वर्षं मित्रांच्या बैठकीत पोकर खेळून हात बसलेला. कोणत्या पानांवर उतरायचं, कधी डाव सोडायचा, याची समज चांगली. कॅसिनोत तो पोकरच्या नो-लिमिट होल्डेम या प्रकाराला १-२ ब्लाइंडच्या टेबलावर बसतो. ब्लाइंड म्हणजे पानं पाहण्याआधी दोघांना सक्तीने लावावी लागणारी रक्कम, इथे लहान ब्लाइंड १ युनिट आणि मोठा २. टेबलावर २०० युनिट घेऊन बसतो, म्हणजे १०० मोठे ब्लाइंड, जे या खेळात योग्यच मानलं जातं. खिशात आणखी २०० असतात.

आठ रात्रींची वही अशी. पोकर ३२ तास, २९० युनिट वर. ब्लॅकजॅक ५ तास, २६० खाली. रूलेट पाऊण तास, ५२० खाली. थ्री कार्ड पोकर २ तास, १४५ खाली. व्हिडिओ पोकरचं मशीन १ तास, ६० खाली. एकूण ६९५ युनिट तोटा.

पोकरमध्ये ३२ तास घालवून जे मिळालं, ते बाकीच्या पावणेनऊ तासांत गेलं आणि वर पदरचेही गेले. विचारलं असतं तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असतं की मी पोकर खेळतो, मध्येच कधीतरी थोडं ब्लॅकजॅक. वेळेच्या दृष्टीने ते खरंच होतं.

तो पोकरच्या टेबलावरून उठायचा कधी

या प्रकरणात सगळ्यात उपयोगी नोंद हीच आहे. हा खेळाडू दुसऱ्या खेळांकडे लालसेने गेलेला नाही. तीन ठरावीक वेळा होत्या.

पहिली वेळ जागेची वाट पाहण्याची. पोकरच्या खोलीत यादीत नाव लावायचं, जागा झाली की नाव पुकारतात. गर्दीच्या रात्री चाळीस-पन्नास मिनिटं सहज जातात. हातात चिप्स, समोर ब्लॅकजॅकचं टेबल, तिथे जागा लगेच. पाचपैकी जवळजवळ तीन तास ब्लॅकजॅक असंच झालं, पोकर सुरू व्हायच्या आधी.

दुसरी वेळ मोठा पॉट, म्हणजे डावात सगळ्यांनी लावलेली एकत्र रक्कम, हरल्यानंतरची. चांगली पानं असून शेवटच्या पानावर डाव गेला की पोकरमध्ये तो राग लगेच उतरवता येत नाही. पुढचे पंधरा-वीस डाव पानं टाकत बसावं लागतं. ताशी जेमतेम ३० डाव होतात आणि त्यातले बहुतेक सोडायचेच असतात. इतर टेबलांवर दर मिनिटाला पैज लागते, म्हणून पाय तिकडे वळतात.

तिसरी वेळ जिंकून उठल्यावरची, आणि तीच सर्वांत महाग पडली. त्याबद्दल पुढे.

पहिल्या रात्रीची एक चिप

पोकरमधलीही एक चूक सांगायला हवी, कारण ती घरच्या बैठकीतून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून होते. त्याच्याकडे दोन राजे आले. त्याच्या आधी एकाने ६ केले होते. त्याने काही न बोलता २५ ची एक चिप पुढे टाकली. मनात होतं २५ पर्यंत वाढवायचं. डीलरने १९ सुटे परत दिले. नियम असा की एकच मोठी चिप तोंडाने न सांगता टाकली तर ती फक्त बरोबरी धरतात, वाढ नाही. ६ मध्ये आणखी तिघे आत आले, त्यात छोटी जोडी असलेला एक होता. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पानांत, त्याला जोडीचं तिसरं पान लागलं आणि दोन राजांवर १२० युनिट गेले.

उपाय सोपा आहे. चिप टाकायच्या आधी मोठ्याने बोलायचं, ‘रेज, पंचवीस’. बोललेलं बंधनकारक असतं, मग चिप कशाही पडोत. तसंच चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवायच्या नाहीत. पहिल्या हालचालीत जेवढ्या गेल्या तेवढ्याच धरल्या जातात. हे घरच्या टेबलावर कोणी पाळत नाही म्हणून सवय लागत नाही.

टेबल बदललं की हातांच्या सवयीही बदलाव्या लागतात. ब्लॅकजॅकला उलट खूण हातानेच द्यायची असते. पान हवं तर टेबलावर बोट आपटायचं, नको तर तळवा आडवा फिरवायचा, कारण वरच्या कॅमेऱ्याला आवाज नाही, हात दिसतो. पानं उघडी वाटली असतील तर त्यांना हात लावायचा नाही, आणि डाव सुरू झाल्यावर पैजेच्या चिप्सनाही नाही. नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या. रूलेटला प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या चिप्स मिळतात. त्यांची किंमत त्याच टेबलापुरती असते, उठायच्या आधी तिथेच बदलून घ्याव्या लागतात. पोकरमध्ये जिंकलेल्या चिप्स खेळ चालू असताना खिशात टाकता येत नाहीत, त्या टेबलावरच राहतात. ब्लॅकजॅकला केव्हाही उचला. हा शेवटचा फरक क्षुल्लक वाटतो, पण पैसे कुठून कुठे गेले याचा माग याच जागी तुटतो.

ब्लॅकजॅक: माणसं वाचण्याची सवय कामाची नाही

पोकरमध्ये कॅसिनो खेळाडूविरुद्ध खेळत नाही. प्रत्येक पॉटमधून ठरावीक कापून घेतो, त्याला रेक म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो पॉटच्या काही टक्के आणि वर कमाल मर्यादा असा असतो. उरलेले पैसे खेळाडूंमध्येच फिरतात, म्हणून समोरच्यापेक्षा चांगलं खेळणाऱ्याला कमावता येतं. ब्लॅकजॅकमध्ये समोर डीलर आहे आणि डीलरला निर्णयच नाही. पानांची बेरीज १६ पर्यंत असेल तर पान घ्यायचं, १७ ला थांबायचं.

आपला खेळाडू डीलरचा चेहरा पाहत बसायचा. डीलरच्या उघड्या पानाखाली दश्शी असेल का, याचा अंदाज. मुळात डीलरलाही ते पान माहीत नसतं. एक्का किंवा दहा मोलाचं पान वर असेल, तर टेबलातल्या छोट्या आरशातून किंवा यंत्रातून फक्त ब्लॅकजॅक (एक्का आणि दहा मोलाचं पान, म्हणजे पहिल्या दोन पानांतच २१) झालाय का एवढंच पाहिलं जातं. काही ठिकाणी दुसरं पान डाव संपेपर्यंत वाटलंच जात नाही. तेव्हा वाचायला काही उरत नाही.

इथे प्रत्येक निर्णयाचं उत्तर आधीच काढून ठेवलेलं आहे. १९५६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चार जणांनी, बॉल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडर्मॉट यांनी, टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून बेसिक स्ट्रॅटेजी छापली. नंतर संगणकाने ती थोडीशीच सुधारली. कोणत्या पानांवर काय करायचं याचा तक्ता खिशात मावतो आणि बऱ्याच कॅसिनोत तो टेबलावर बघूही देतात. पोकर खेळाडूला तक्ता बघून खेळणं कमीपणाचं वाटतं. याने पाच तासांत एकदाही बघितला नाही.

त्याच्या चुका तीन होत्या आणि त्यांची किंमत सारखी नाही. पहिली: १६ वर डीलरच्या सत्तीसमोर थांबणं. पान घेतलं तर बस्ट होण्याची, म्हणजे २१ च्या वर जाऊन हरण्याची, शक्यता १३ पैकी ८, म्हणून भीती वाटते. पण थांबलं तर पैजेच्या सरासरी ४८ टक्के जातात, घेतलं तर ४१. (१६ विरुद्ध दहा यावर लोक तावातावाने वाद घालतात. तिथे दोन्ही उत्तरांत नावालाच फरक आहे. सत्तीसमोरची चूक कितीतरी मोठी, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.)

दुसरी: इन्शुरन्स. डीलरचा एक्का दिसला की तो निम्मी पैज इन्शुरन्सला लावायचा. त्याचा भाव दोनास एक, म्हणजे तीनात एकदा दहा मोलाचं पान खाली असायला हवं. सहा जोडांच्या शूमध्ये (पानं ज्यातून वाटतात ती पेटी) एक्का काढल्यावर ३११ पानं उरतात आणि दहा मोलाची त्यात ९६. म्हणजे ३०.९ टक्के, हवेत ३३.३. इन्शुरन्सला लावलेल्या प्रत्येक १०० युनिटांमागे ७ हून अधिक गेले. पोकरमध्ये हाच मुलगा पॉट आणि पैज यांचं प्रमाण काढल्याशिवाय कॉल करत नाही. हिशोब तोच आहे, फक्त ‘विमा’ हे नाव ऐकून त्याने तो केला नाही.

तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक पानं हातात यायच्या आधीच झाली होती. टेबलाच्या कापडावर छापलेलं असतं की ब्लॅकजॅकला ३ ला २ मिळतात की ६ ला ५. तो ६ ला ५ च्या टेबलावर बसला, कारण तिथे जागा होती आणि किमान पैज कमी होती. १० युनिटांवर १५ ऐवजी १२. नैसर्गिक ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो, त्यामुळे एवढ्या एका ओळीने कॅसिनोचा वाटा, म्हणजे लावलेल्या पैशांतून सरासरी त्याच्याकडे जाणारा भाग, सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. ३ ला २ च्या टेबलावर तक्ता पाळून खेळलं तर वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. त्याच्या टेबलावर, त्याच्या चुकांसकट, तो ३ टक्क्यांच्या घरात जातो.

आता ताशी हिशोब. सरासरी पैज १५, तासाला ७० डाव. ३ टक्क्यांनी तासाला साडेएकतीस युनिट. अर्ध्या टक्क्याने सव्वापाच. त्याची पोकरची कमाई तासाला ९ पडली. म्हणजे ब्लॅकजॅकचा एक तास पोकरचे साडेतीन तास खातो. सहा टेबलं सोडून पलीकडे, कापडावरची एक ओळ वाचून बसला असता आणि तक्ता पाळला असता, तर हा खर्च एक षष्ठांशावर आला असता.

त्याला हे दिसलं का नाही? कारण एका तासातला चढउतार तासाच्या सरासरी तोट्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. अशा पैजेवर तासाच्या निकालाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून नेहमी पडणारा फरक, १४५ च्या आसपास येतं. साडेएकतीस त्यात बुडून जातात. पाचपैकी दोन तास तो जिंकूनच उठला होता, आणि त्याला तेच दोन आठवत होते.

नावात पोकर असलेले खेळ

थ्री कार्ड पोकर त्याला ओळखीचं वाटलं. अँटी, म्हणजे सुरुवातीची पैज, लावायची, तीन पानं पाहायची, मग सोडायचं किंवा तेवढीच आणखी लावायची. पोकरच्या सवयीने तो हलक्या पानांवरही लावत राहिला, समोरच्याला पाडायच्या हिशोबाने. पण डीलर पानं टाकत नाही. तो उघडतोच, आणि त्याच्याकडे राणी किंवा वरचं असलं की डाव धरला जातो. ब्लफ करायला समोर माणूसच नाही.

इथला नियम एका ओळीत आहे: राणी, छक्की, चव्वी किंवा त्याहून वर असेल तर लावा, खाली असेल तर सोडा. तो पाळला तर अँटीमागे ३.३७ टक्के जातात. प्रत्येक डावाला लावत गेलं तर ७.६५. शिवाय पेअर प्लसची, म्हणजे आपल्याला जोडी किंवा वरचं येईल यावरची, बाजूची पैज तो प्रत्येक डावाला लावायचा. फ्लशला (सगळी पानं एकाच जातीची) तीनपट देणाऱ्या तक्त्यावर तिचा वाटा ७.२८ टक्के आहे, चौपट देणाऱ्यावर २.३२. फरक एका आकड्याचा. आणखी एक गोष्ट, तीन पानांत स्ट्रेट (ओळीची पानं) हा फ्लशपेक्षा वरचा असतो, कारण तीन पानांचा स्ट्रेट जास्त दुर्मीळ. पाच पानांची सवय असलेला इथे पहिल्याच रात्री गोंधळतो.

व्हिडिओ पोकरला तो एकच तास बसला, पण चुका गमतीच्या नाहीत, नेमक्या पोकरच्याच. मशीन पाच पानं देतं, नको ती एकदा बदलायची. त्याची चूक जोडीबरोबर एक्का धरून ठेवणं, किकर म्हणजे बरोबरी तोडणारं पान म्हणून. मशीनला किकर कळत नाही. जोडी ठेवून तिन्ही पानं बदलायची. दश्शीच्या जोडीला काही मिळत नाही, गुलामापासून पुढे मिळतं, तरी फ्लशच्या तीन पानांसाठी छोटी जोडी मोडायची नाही. आणि पाच नाणी न लावता एकच लावणं. रॉयल फ्लशला एका नाण्यावर २५०, पाचांवर ४०००, म्हणजे नाण्यामागे ८००. रॉयल सुमारे ४०,००० डावांत एकदा येतो, तरी या एका फरकाचे साधारण १.४ टक्के होतात. पाच लावणं झेपत नसेल तर लहान नाण्याचं मशीन घ्यायचं. मशीनवर फुल हाउस आणि फ्लशसमोरचे आकडे आधी वाचायचे. ९ आणि ६ असतील तर अचूक खेळावर ९९.५४ टक्के परत, ८ आणि ५ असतील तर ९७.३०. त्याचं मशीन ८ आणि ५ चं होतं.

सहावी रात्र

या रात्री पोकर छान झालं. २०० चे ४६० करून तो उठला. खिशातले २०० धरून ६६०. यादी, वाट पाहणं, राग, काहीच नव्हतं. रोखीच्या खिडकीकडे जाताना वाटेत रूलेट लागलं. टेबलाशेजारच्या फलकावर मागचे आकडे झळकत होते आणि शेवटचे चार काळे. जिंकलेले २६० त्याच्या डोक्यात ‘त्यांचे’ पैसे होते. किमान पैज १०, बाहेरच्या पैजांची (लाल-काळा यांसारख्या) कमाल ५००.

त्याने लालवर १० लावले, हरला तर दुप्पट, जिंकला की पुन्हा १०. जिंकेपर्यंतची अशी साखळी अकरा वेळा पूर्ण झाली, ११० मिळाले, वीसेक फेऱ्यांत. बाराव्या साखळीत १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० गेले. बेरीज ६३०. पुढची पैज ६४० ची, आणि टेबलावर ५०० च्या वर लावता येत नाही. त्याच्याकडे तशीही १४० उरली होती.

एका शून्याच्या चाकावर ३७ घरं, लालची १८. सलग सहा हरण्याची शक्यता ३७ पैकी १९ चा सहावा घात, म्हणजे १.८ टक्के, साधारण ५४ साखळ्यांत एकदा. प्रत्येक साखळीत १० मिळणार आणि ५४ त एकदा ६३० जाणार, त्यात सरासरी पावणेदोन युनिट दर साखळीला कमीच पडतात. तो बाराव्याला सापडला, चाळिसाव्यालाही सापडू शकला असता. दुप्पट करण्याने कॅसिनोचे २.७ टक्के एक कणही कमी होत नाहीत. फक्त तोटा दडून राहतो आणि एकदम येतो. दोन शून्यांच्या चाकावर तेच ५.२६ टक्के असते.

चार काळ्यांनंतर लाल ‘यायला हवा’ हा समज फार जुना. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोत काळा सलग २६ वेळा आला आणि लालवर लावत राहिलेल्यांचं मोठं नुकसान झालं. फलक कॅसिनो स्वतःच्या खर्चाने लावतो यावरून त्याचा उपयोग कोणाला ते समजावं.

काय बदललं

मनाचा निग्रह वगैरे बाजूला ठेवून बदल त्या तीन वेळांभोवतीच बांधला, कारण पैसे तिथूनच गळत होते.

पैशांचे दोन भाग झाले. पोकरचं भांडवल वेगळं: या टेबलासाठी किमान २० बाय-इन (एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम, इथे २००), म्हणजे ४००० युनिट, आणि ते पुरं होईपर्यंत वरच्या टेबलावर जायचं नाही. दुसऱ्या खेळांसाठी रात्रीला ५० युनिट, करमणुकीचा खर्च म्हणून आधीच गेलेले धरायचे. संपले की संपले. पोकरमधून एकही चिप तिकडे जाणार नाही, म्हणून पोकरवरून उठल्यावर आधी खिडकीवर चिप्स रोख करायच्या, मग काय करायचं ते. हा क्रम छोटा आहे पण सहाव्या रात्रीचे ५२० त्याने वाचले असते.

वाट पाहताना यादीत नाव लावून खोलीच्या आत, टेबलामागे परवानगी असेल तिथे उभं राहायचं आणि ज्या टेबलावर बसणार तेच पाहायचं: कोण किती पानं खेळतो, कोण रागात आहे. त्या चाळीस मिनिटांचा पोकरमध्ये खरा उपयोग होतो. मोठा पॉट हरल्यावर पंधरा मिनिटं इमारतीबाहेर. जागा साधारण तेवढा वेळ राखून ठेवतात.

वहीत आता खेळ, वेळ, सरासरी पैज, अंदाजे डाव आणि टेबलाचा नियम हे पाच रकाने आहेत. निव्वळ हार-जित लिहिली की नशीबच लिहिलं जातं. एक इशाऱ्याचा रकानाही असावा: रात्री ठरवलेल्यापेक्षा जास्त पैसे काढले का, कोणाकडे उसने मागितले का, हरलेला आकडा घरी खोटा सांगितला का. यातलं एकही ‘हो’ आलं तर वरचं सगळं गणित गैरलागू होतं. तेव्हा टेबल निवडायचं नसतं, जाणं थांबवायचं असतं, आणि त्यासाठी अनेक कॅसिनोत स्वतःचं नाव प्रवेशबंदीत टाकून घेण्याची लेखी सोय असते.

राहतो पोकरचा प्रश्न. २९० युनिट ३२ तासांत, म्हणजे ताशी साडेचार मोठे ब्लाइंड, कानाला चांगलं वाटतं. पण या खेळात १०० डावांमागे प्रमाण विचलन ८० मोठ्या ब्लाइंडच्या आसपास धरलं, तर ३२ तासांत ५०० युनिट इकडे किंवा तिकडे होणं साधं आहे. बरोबरीचा, किंवा किंचित हरणारा खेळाडूही एवढा वर दिसू शकतो. ताशी ९ खरे आहेत की नाही हे कळायला निदान ४०० तास लागतील, कारण तेव्हा अपेक्षित ३६०० समोर चढउतार पावणेदोन हजारांचा उरतो. वहीच्या पोकरच्या पानावर त्याने वर ४०० लिहून ठेवलेत आणि खाली ३२ पासून मोजणी सुरू केली आहे.